दोड्डप्पांचा डावा तळहात

मी धर्म शिकायला पुण्याला गेले तेव्हा आमच्या गल्लीत दोन समज पसरले. एक, पोरगी संन्यास घेणार. दुसरा, पोरगी परत येऊन सत्यनारायण सांगणार, आणि घरचीच म्हणून झटपट उरकणार. दुसरा समज बायकांना जास्त आवडला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी बसमधून उतरून घरापर्यंत पोचायच्या आत तिघींनी मला अडवून देवघराची दिशा, नवरात्रातला उपास आणि मांजर आडवं गेल्यावर काय करायचं, हे विचारून घेतलं. मला यातलं काही येत नव्हतं. पण येत नाही असं म्हणायची माझी तेव्हा तयारी नव्हती, म्हणून मी तिघींनाही लांबलचक उत्तरं दिली.

आमचं घर दुकानाच्या वर होतं. खाली भुसार आणि मिरची. दुकानात नवीन माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग भाव विचारायचा. वर स्वयंपाकघरात अव्वा, म्हणजे माझी आई, उखळात शेंगाची चटणी कुटायची. मागच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं होती, तिथले माग सकाळपासून खडखडत असायचे. माग बंद पडले की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. सोलापुरातल्या पुष्कळ लिंगायत घरांसारखं आमच्या घरातही दोन भाषा नांदत होत्या. गिऱ्हाईक मराठीत, भांडण कन्नडमध्ये, आणि देवाशी जे काय बोलायचं ते दोन्हीत. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, त्यांच्या थोरल्या भावाला दोड्डप्पा. दोड्डव्वा, म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्यावर हक्क सांगायला दोन बाप होते आणि त्यातला थोरला जास्त कडक होता. घरात शब्द दोड्डप्पांचा चालायचा. अप्पा त्यांच्यापुढे कधी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही.

मी हा विषय निवडला याचं खरं कारण आज सांगायला हरकत नाही. कॉलेजातल्या आमच्या सरांनी सांगितलं की विद्यापीठात एक अभ्यासक्रम आहे, त्यात जगातले सगळे धर्म शेजारीशेजारी ठेवून बघतात. मला ते ऐकूनच गंमत वाटली. आमच्या गल्लीत ते शेजारीशेजारीच तर राहत होते, पण कुणी कुणाच्या घरात डोकावून 'हे का करता' असं विचारत नव्हतं. विचारलं तर भांडण होईल अशी भीती. मला ते विचारायचं होतं, आणि विचारण्याबद्दल वर डिग्री मिळणार होती. दोड्डप्पा म्हणाले, हे शिकून पुढं काय? शेवटी आमच्या मठाच्या स्वामींनी मध्ये पडून शिकू दे म्हटलं, तेव्हा त्यांनी एक वर्ष दिलं. दुसऱ्या वर्षाचं नंतर बघू, असं ठरलं.

पुण्यातलं ते वर्ष कसं गेलं ते एका वाक्यात सांगायचं तर, मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. वर्गात आम्ही नऊ जण. त्यात मिरजेचा एक मौलवींचा मुलगा होता, वसईची एक नन होती, आणि देव अजिबात न मानणारा नागपूरचा एक जण होता, जो परीक्षेच्या दिवशी मात्र न चुकता कपाळाला अंगारा लावून यायचा. आम्ही रात्रंदिवस वाद घालायचो आणि मेसची पातळ आमटी प्यायचो. मला प्रत्येक गोष्टीला एक नाव असतं हे कळलं. अव्वा जे करायची त्याला नाव होतं, दोड्डप्पा जे करायचे त्याला वेगळं नाव होतं. नाव कळलं की ती गोष्टच कळली असं मला वाटायचं. आम्हाला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या माझे निबंध वाचून समासात बारीक अक्षरात लिहायच्या, 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' मी समजायचे की त्यांना पुस्तकाचं नाव हवंय. मी पुस्तकाचं नाव लिहून द्यायचे.

मे महिन्यात घरी आले ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. अव्वानं उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं की मी सांगायचे, हे मूळचं आपलं नव्हेच. मंगळवारी ती देवीला गेली की मी सांगायचे, आपल्या शास्त्राप्रमाणे देवळात जायची गरजच नाही, आपला देव आपल्या गळ्यात. अव्वा म्हणायची, "असंल की. पण जाऊन आल्यावर मला बरं वाटतंय," आणि कडक भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायची. तिचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते दोड्डप्पांचं. एका दुपारी मी त्यांना, त्यांच्याच ताटासमोर बसून, ते रोज करतात त्या पूजेचा इतिहास सांगितला. कोणता भाग जुना, कोणता मागाहून आलेला, कोणता दुसऱ्यांकडून उचललेला. त्यांनी हुग्गीची, म्हणजे आमच्याकडच्या गोड खिरीची, वाटी तशीच ठेवली आणि हात धुतला. गव्हाची हुग्गी दोड्डप्पा टाकून उठले, असं आमच्या घरात त्याआधी एकदाच झालं होतं, दोड्डव्वा गेली त्या वर्षी.

संध्याकाळी त्यांनी मला खाली दुकानात बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की दुसरं वर्ष नाही. बी.एड.चा फॉर्म त्यांनी मागवून ठेवला होता. शिक्षक झालीस तर चार पोरांचं कल्याण होईल, म्हणाले. मी विचारलं, माझं काय चुकलं? त्यावर ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. "तू घरचीच हाईस, पण पावण्यासारखी बघायलीस आमच्याकडं. अजून एक वरीस गेलीस तर घरात तुझं कोणच ऱ्हाणार न्हाय." मी वर येऊन रडले. मला तो अन्याय वाटला. आता त्या वयाच्या पुढे पुष्कळ गेल्यावर वाटतं, त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. विद्यापीठाचा फॉर्म जूनच्या मध्यापर्यंत भरायचा होता, म्हणजे माझ्या हातात तीन आठवडे होते, आणि दोड्डप्पांचं मन वळवायला तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्यात प्रत्येकाचं स्वतःचं इष्टलिंग असतं. लहानपणी गुरूनं दिलेलं, सुपारीएवढं, काळंभोर. ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं, ते जन्मभर अंगावर राहतं आणि शेवटी माणसाबरोबरच मातीत जातं. रोज सकाळी आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि त्याच्याकडे बघत बसायचं. अप्पा आणि दोड्डप्पा ही पूजा शेजारी शेजारी बसून करायचे. दोघे भाऊ दिवसभर पोत्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या गराड्यात असायचे, पण ती पंधरा-वीस मिनिटं कुणी हाक मारलेली त्यांना चालायची नाही. दोघांच्या डब्या वेगळ्या होत्या. दोड्डप्पांच्या डबीवर नंदी कोरलेला, अप्पांची साधी. आतलं लिंग मात्र बघणाऱ्याला अगदी सारखं.

त्या मे महिन्यात दोन्ही डब्या सोनाराकडे उजळायला दिल्या होत्या. तेवढे दिवस दोघांनी लिंग पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातलं होतं. डब्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा झाली, आणि नेमकी तेव्हाच खाली मिरचीची गाडी आली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, रस्ता अडला होता, मागची रिक्षा ओरडत होती. दोघांनी आपापलं लिंग समोरच्या तबकात ठेवलं, डब्यांत घालायचंच राहिलं होतं, आणि दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढे झाले. मी घालते, म्हटलं. दोड्डप्पा नको म्हणाले. मी लगेच सांगितलं की आपल्या धर्मात विटाळ मानतच नाहीत, माझा हात लागला म्हणून काही होत नाही, हे पुस्तकातच लिहिलंय. ते म्हणाले, विटाळाची गोष्ट नाही, ज्याचं त्यानं सांभाळायचं असतं. पण भोंगा थांबेना, अप्पा जिन्यात पोचलेही होते, आणि दोड्डप्पा चरफडत खाली गेले.

मी तबकापुढे बसले. उजवीकडचं दोड्डप्पांचं, डावीकडचं अप्पांचं, मला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात अव्वा पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. ऐकायला माणूस मिळालं की माझं काय व्हायचं ते वर सांगितलंच आहे. मी तिला इष्टलिंगाचा अर्थ समजावून सांगायला सुरुवात केली. खालची पीठिका म्हणजे काय, वरची गोलाई म्हणजे काय, काळा लेप कशाचा, त्यात विश्व कसं सामावलंय. अव्वाला लहानपणापासून हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं, पण ती बिचारी मान हलवत ऐकत राहिली. माझं व्याख्यान संपलं, मी दोन्ही डब्या भरल्या, झाकणं लावली आणि धावत खाली नेऊन दिल्या. दोघांनी तिथंच पोत्यांच्या मध्ये उभ्या उभ्या गळ्यात घातल्या.

दुपारी अव्वा आणि मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होतो. अव्वा कौतुकानं म्हणाली, "तू ते तबक माझ्याकडं फिरवून दावलंस ते बरं केलंस बग. मला लांबनं दिसत न्हवतं."

माझा हात विळीवरच थांबला. मी तबक फिरवलं होतं. ते परत फिरवलं होतं का? मी पुष्कळ आठवून बघितलं. पीठिका आठवली, विश्व आठवलं, पुस्तकातलं पानसुद्धा आठवलं, पण तबक काही आठवेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. ती इतक्या तंतोतंत अंगाला लागेल असं वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. कुणाला कळणार होतं? दिसायला दोन्ही सारखीच. आणि सांगितलं, तर विद्यापीठाचा विषय कायमचा मिटला असता, हेही स्पष्ट होतं. पण मग मला दिसायला लागलं की दोड्डप्पा रोज सकाळी दुसऱ्याचं लिंग हातात घेऊन बसलेत, आणि पुढे कधीतरी तेच घेऊन मातीत जाणार, आणि हे फक्त मला माहीत. मी अव्वाला सांगितलं. तिनं हातातलं वांगं खाली ठेवलं. मग म्हणाली, ते जेवायला आले की सांग, जेवणाआधी सांग, नंतर सांगितलंस तर अजून वाईट.

दोघे वर आले, पाय धुतले. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. अप्पा घाईघाईनं म्हणाले, फिरवलं असलं तरी बदललंच असेल असं कुठंय. दोड्डप्पा देवघरात गेले, चटईवर बसले आणि नंदीची डबी न उघडता समोर ठेवली. अप्पांनीही आपली ठेवली. मग अप्पा मठात फोन लावायला खाली गेले आणि परत येऊन म्हणाले की स्वामी बाहेरगावी गेलेत, उद्या येतील. मागच्या गल्लीतला एकेक माग वेगळा ऐकू यायला लागला.

दोड्डप्पांनी मान वर केली. "आता सांग. तुझ्या पुस्तकात काय लिवलंय याच्यावर?"

त्यात टोमणा होता, पण थोडी आशाही होती. तीच मला सोसवली नाही. मी म्हटलं, "पुस्तकात नाही. मला माहीत नाही, दोड्डप्पा."

ते सबंध महिन्यात मी पहिल्यांदा बोललेलं खरं वाक्य होतं. आणि ते बोलून झाल्यावर, माहीत नसणारा माणूस जे करतो तेच मी केलं, त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं की तुम्ही रोज हातात घेता तेव्हा तुम्हाला काय कळतं? बहुधा मी चाचणी घेतेय की काय, असं त्यांना वाटलं असेल. मग हळूहळू बोलायला लागले. दृष्टी लावून बसलं की सुरुवातीला दुकान दिसतं, म्हणाले. मग दुकान जातं, माणसं येतात. वडील दिसतात. दोड्डव्वा दिसते, ती फार वेळ थांबते. मग तीही जाते आणि फक्त हाताला वजन उरतं. कधी ते वजन हलकं वाटतं, कधी जड, पण त्याची बसायची जागा ठरलेली आहे. त्यांनी डावा तळहात उघडून अंगठ्याखालची जागा दाखवली. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. अप्पाही तोंडाकडे बघत ऐकत होते.

मी म्हटलं, "मग डोळे मिटून हातात घ्या की."

त्यांनी नंदीची डबी उघडली, आतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. अव्वा पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. दोड्डप्पांचा हात जरा वर-खाली झाला, थांबला, आणि ते डोळे न उघडताच कन्नडमध्ये म्हणाले, "इदु नंदल्ल." हे माझं नव्हे. मग मराठीत, "चन्नूचं हाय."

चन्नू म्हणजे अप्पा. म्हणजे तबक मी परत फिरवलंच नव्हतं. पण अप्पांनी विचारलं ते भलतंच. ते म्हणाले, तुझं नाही हे तुला कळलं, पण माझं आहे हे कसं कळलं?

"एका अंगाला जरा कलतंय की हे. तू धा वर्साचा व्हतास, टायफाईडनं पडलावतास. म्हैनाभर तुला सुद न्हवती. तुझी पूजा मीच केली न्हवं का रोज."

अप्पा त्यांच्या आईबद्दल म्हणाले, "आपली अव्वा तर सांगायची स्वामींनी केली."

"मीच सांगितलं तिला तसं सांग म्हून. दुसऱ्यानं करू न्हई म्हंत्यात. पर आजाऱ्याचं कोण करणार?"

माझे अप्पा तेव्हा पन्नाशीला आले होते. ते भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून लहान मुलासारखे रडले, आणि मी आणि अव्वा, आम्हीही रडलो, कारण त्या खोलीत न रडणं अशक्य होतं. दोड्डप्पांना हा प्रकार फारसा आवडला नाही. पुरे, भाजी करपायलीय, म्हणाले, आणि ती खरंच करपत होती.

आज लोक मला विचारतात की धर्माचा अभ्यास करून माणूस जातो कुठं. मी कुठं कुठं गेले ते सांगते. बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं. त्याहून जास्त लोकांच्या स्वयंपाकघरांत बसले. सोलापूरजवळ चिंचोळीच्या एका कारखान्यात पूजेच्या दिवशी यंत्र बंद ठेवण्यावरून मालक आणि फिटर यांच्यात जुंपली होती, तिथं मला बोलावलं. इथल्या एका इस्पितळातून अजून फोन येतो, की मॅडम, आजोबा ऑपरेशनला गळ्यातलं काढू देत नाहीत, काय करायचं? मी म्हणते, त्यांनाच विचारा, कुणाच्या हातात दिलं तर चालेल. दहांतले नऊ जण एक नाव सांगतात, आणि ते नाव ऐकून उभे असलेले नातेवाईक कधीकधी चकित होतात. पुस्तकं मी पुष्कळ वाचली आणि वाचते. पण पुस्तक उघडायच्या आधी विचारायचं, हे मला त्या दुपारी देवघरात कळलं. बाईंच्या समासातल्या प्रश्नाला पुस्तकाचं नाव हे उत्तर नव्हतं, हेही तेव्हाच उमगलं.

त्या दुपारी मग अप्पांच्या डबीतलं लिंगही दोड्डप्पांनी हातात घेतलं. ते लगेच अंगठ्याखाली जाऊन बसलं असावं, कारण त्यांचा चेहराच सैल झाला. अप्पांनी आपलं आपल्या साध्या डबीत घातलं. मी भीत भीत विचारलं की तुम्ही आत्ता जे सांगितलं ते मी लिहून घेऊ का? दोड्डप्पा म्हणाले, लिही, पण मध्ये पुस्तकातलं घालू नकोस. मी वही आणली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, चुकलं तिथं त्यांनी खोडायला लावलं. दोन पानं झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे असं लिवायला दुसऱ्या वर्षी शिकवत्यात?"

"हो. लोकांना विचारायला शिकवतात."

"मग पैल्या वर्षी काय शिकवलं?"

"बोलायला," मी म्हटलं, आणि दोड्डप्पा हसले. त्यांचं हसणं दुर्मीळ होतं, ते खांद्यांतून यायचं. अव्वा आतून विचारायला आली की काय झालं.

मग त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. तळहातावर त्यांचं लिंग होतं, शेजारी नंदीची उघडी डबी. मला वाटलं, ते मला काही दाखवतायत.

"तूच घाल," ते म्हणाले. "आणि जूनमधी जा."

मी त्यांच्या तळहातावरून ते उचललं, डबीत ठेवलं, झाकण दाबून बसवलं आणि डबी त्यांच्या हातात दिली. दोड्डप्पांनी ती उघडून बघितली नाही. तशीच गळ्यात घातली आणि जेवायला उठले.